अडगावपर्यंतचे सहा दिवस

अकोल्याच्या असदगडाचे आज जे काही उरले आहे, ते पाहून इथे कधी कुठल्या राज्याचे नशीब फिरले असेल असे वाटत नाही. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी किल्ला मोडून टाकला. उरले ते थोडे बुरूज, हवाखाना आणि मोर्णा नदीकडची बाजू. पण १८०३ च्या नोव्हेंबरात आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्यात पडला होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूत नेपोलियनला भारी पडला. जुन्या शहरात हे सांगितले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग लढाई इथं काऊन नाही झाली?

लढाई झाली पूर्णेपलीकडे, अडगावला. आज तेल्हारा तालुक्यात, अकोट-हिवरखेड रस्त्यावर हे गाव आहे. मंगळवार, २९ नोव्हेंबर १८०३, दुपारचे साडेचार. पाऊण-एक तासात नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली आणि तिच्याबरोबर वऱ्हाडही गेले. शाळेच्या पुस्तकात या लढाईला एक ओळ मिळते, तीही असईच्या लढाईच्या मागून. त्या ओळीत येत नाही ते असे की अडगावचा निकाल मैदानावर लागण्याच्या सहा दिवस आधी एका कागदावर लागत आला होता. तो कागद मराठ्यांच्याच एका राज्याने, दुसऱ्याला बाहेर ठेवून, शत्रूबरोबर केला होता.

सहा दिवस आधी: बुधवार, २३ नोव्हेंबर

वेलस्लीच्या छावणीत दौलतराव शिंद्यांचे दोन वकील बसले आहेत, यशवंतराव घोरपडे आणि नारोपंत नाना. वकील म्हणजे त्या काळचा राजदूत. समोर चौतीस वर्षांचा इंग्रज जनरल. त्याचा थोरला भाऊ कलकत्त्यात गव्हर्नर जनरल आहे, त्यामुळे सही करताना त्याला वर विचारत बसावे लागत नाही.

हे वकील इथवर आले कसे, ते थोडक्यात सांगतो. नाना फडणवीस १८०० च्या मार्चमध्ये वारले. दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले, त्याचा भाऊ यशवंतराव याने २५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे या दोघांनाही झोडपले, पेशवा पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसला. त्या तहाने पेशव्याचे परराष्ट्र धोरण ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले: कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलायचे नाही. शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांना ते गिळवेना. दोघे १८०३ च्या उन्हाळ्यात मलकापूरच्या बाजूला एकत्र आले. होळकरालाही बोलावणी गेली. त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, आणि माळव्यात जाऊन बसला. शिंद्यांच्या हातून झालेला दुसऱ्या भावाचा खून आणि पुतण्याची कैद विसरून त्यांच्याच शेजारी तंबू ठोकायचा, हे त्याला जमण्यासारखे नव्हते. मला त्यात त्याचा दोष अर्धाच वाटतो.

मग ऑगस्टमध्ये अहमदनगर गेले. २३ सप्टेंबरला असईत शिंद्यांची कवायती पायदळाची पलटणे आणि तोफखाना गेला. त्या दिवशी भोसले आणि शिंदे दोघांचेही घोडदळ लवकर निघून गेले, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. कोण आधी निघाले, यावरून दोघांत काय बोलणे झाले असेल याची कल्पना करता येते. ऑक्टोबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतले. तिकडे उत्तरेत जनरल लेकने अलीगड, दिल्ली, आग्रा घेतले आणि १ नोव्हेंबरला लासवारी मारली. भोसल्यांचा कटक तर ऑक्टोबरातच इंग्रजांच्या हाती पडला होता.

आता चोवीस वर्षांच्या दौलतरावाला उसंत हवी आहे. ती वेलस्ली देतो. दख्खन आणि गुजरात या दोन ठिकाणी शस्त्रसंधी. अट अशी की शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेला वीस कोसांवर जाऊन राहायचे. आणि या संधीत भोसले नाहीत.

हे शेवटचे कलम कोणी विसरून राहिलेले नाही. वेलस्लीने भावाला पाठवलेल्या पत्रात आपला हिशेब उघडच मांडला आहे. शिंद्यांचा पाठलाग करून त्यांना गाठता येत नाही, तेव्हा थांबण्यात माझे काही जात नाही. भोसल्यांवर चालून जायला मात्र मी मोकळा. आणि दोघांचे हितसंबंध वेगळे झाल्यामुळे, शिंद्यांवर कोणाचा विश्वास उरला असलाच तर तो आता संपला. जूट मोडल्यातच जमा आहे. इतक्या थंडपणे लिहिलेला मुत्सद्दी कागद त्या वर्षात दुसरा सापडणे कठीण.

शिंद्यांच्या वकिलांना हे कळले नसेल असे मी मानत नाही. ते कच्चे नव्हते. त्यांना वाटले असावे, आपण वेळ काढतो आहोत. त्यांचा धनी दोन्ही डगरींवर हात ठेवू पाहत होता: कागदावर इंग्रजांशी संधी आणि मैदानावर भोसल्यांच्या शेजारी घोडदळ.

चार दिवस आधी: शुक्रवार, २५ नोव्हेंबर

वेलस्ली राजुऱ्याचा घाट उतरून वऱ्हाडच्या सपाटीवर येतो. पश्चिमेकडून स्टीव्हन्सन बाळापुराकडे सरकला आहे. त्याच्याबरोबर वेढ्याच्या जड तोफा आहेत, कारण खरे लक्ष्य अडगाव नाहीच. लक्ष्य आहे मेळघाटातला गाविलगड, भोसल्यांचा सर्वांत भक्कम किल्ला. दोन फौजा एकत्र करायच्या आणि डोंगर चढायचा, असा बेत.

अकोल्याचा तळ याच वाटचालीतला. ज्या शहराशेजारी तो पडला, त्याचा धनी कोण, याला सरळ उत्तर नव्हते. वऱ्हाडात दोअमली होती. मुलूख निजामाचा आणि वसुलात भोसल्यांचा मोठा वाटा, त्यामुळे एकाच गावात दोन सरकारांचे अंमलदार. रयतेच्या दारात आधी कोण येतो एवढाच प्रश्न. त्यात त्या साली दुष्काळ, आणि वर्षभर शिंदे, होळकर, पेंढारी यांच्या फौजांची ये-जा. तिसरी फौज आली तेव्हा मोर्णाकाठच्या माणसाला तिच्यात परके असे फार काही दिसले नसणार. घोडी, बैल, बाजारबुणगे आणि चाऱ्याची मागणी. ते सगळ्याच फौजांचे सारखे.

आणि फौज इंग्रजी म्हणावी तर त्यात इंग्रज थोडे. मद्रासकडचे शिपाई, निजामाचे मोगलाई घोडदळ, बिष्णाप्पा पंडिताच्या हाताखालचे म्हैसूरचे स्वार. अचलपूरचा सलाबतखान हा निजामाचा जहागीरदार इंग्रजांना सामील. खुद्द पेशव्याचे सरदार, बापू गोखले आणि निपाणीकर अप्पा देसाई, या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूने होते. हेच बापू गोखले पुढे १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीला इंग्रजांशी लढताना पडले.

म्हणजे जूट दोन्हीकडे होती. फरक कशात होता, ते इथे सांगून टाकतो. निजामाने १२ ऑक्टोबर १८०० च्या तहात आणि पेशव्याने वसईत, परक्या दरबारात स्वतःच्या मर्जीने वकील पाठवण्याचा हक्क सोडला होता. त्यामुळे वेलस्लीच्या बाजूचा एकही मित्र शत्रूशी वेगळी बोलणी करू शकत नव्हता. शिंदे आणि भोसले यांचे हक्क मात्र शाबूत होते, आणि दोघांनीही ते वापरले. स्वतंत्र राज्यांची जूट अशीच असते. प्रत्येकाच्या वकिलाची पालखी वेगळी निघते. गुलामांची जूट जास्त टिकते, हे म्हणायला बरे वाटत नाही, पण १८०३ साली वऱ्हाडात तसे झाले खरे.

आदला दिवस: सोमवार, २८ नोव्हेंबर

बातमी पक्की झाली आहे. भोसल्यांचे सगळे पायदळ अडगावजवळ आहे. सेनापती रघुजींचे धाकटे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. आणि तिथून चार मैलांवर, सिरसोलीला, शिंद्यांचे घोडदळ.

सिरसोली ते अडगाव हे अंतर आज ज्याला ठाऊक आहे त्याच्या लगेच लक्षात येईल. करार होता अचलपूरच्या पूर्वेला वीस कोस, म्हणजे मोर्शीच्याही पुढे कुठेतरी. आणि फौज उभी आहे अचलपूरच्या पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर, अगदी उलट दिशेला, ज्याला कागदावर वाऱ्यावर सोडले त्याच्याच दाराशी. कागद पाळला असता तर भोसल्यांचा विश्वासघात होत होता. पाळला नाही, तर इंग्रजांना निमित्त मिळत होते. दौलतरावाने दोन्ही केले.

साडेदहा तास आधी: मंगळवार, २९ नोव्हेंबर, सकाळी ६

फौज निघते. वेलस्लीने नंतर लिहिले आहे की त्या दिवशी सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत तो घोड्यावर होता आणि शिपाई हत्यारबंद. स्टीव्हन्सनची तब्येत इतकी बिघडलेली की त्याला घोड्यावर बसवत नाही. तो हत्तीवरच्या हौद्यातून लढाई करणार आहे.

दुपार

दोन्ही फौजा एका गावाशी मिळतात. इंग्रजी कागदांत त्याचे नाव पाटर्ली असे लिहिले आहे. माणसे थकली आहेत, ऊन आहे. आज पाठलाग करायचा नाही, इथेच तळ द्यायचा, असे वेलस्ली ठरवतो. गावात एक बुरूज आहे. वऱ्हाडात गढी नाही असे मोठे गाव विरळा. तो बुरुजावर चढतो. सिरसोली-अडगावच्या पलीकडे दोनेक मैलांवर गर्दी हलताना दिसते, बहुधा निघून चाललेली.

याच दुपारी त्याच्या छावणीत शिंद्यांचे वकील आहेत. ते पुन्हा पुन्हा विनवतात: या फौजेवर हल्ला करू नका, आपला तह झाला आहे. वेलस्लीचे उत्तर दर वेळी तेच. भोसल्यांशी माझी कसलीही संधी नाही. शिंद्यांशी आहे, पण त्यांनी अट पुरी केल्यावर. ती केलेली नाही. कंपनीचे शत्रू जिथे भेटतील तिथे मी त्यांच्यावर चालून जाईन.

या संभाषणावर मला थोडे थांबावेसे वाटते. एका राज्याचे राजदूत शत्रूच्या तंबूत बसून, आपल्याच मित्राच्या फौजेला आजचा दिवस सोडा म्हणून विनवत आहेत. ज्या कागदाच्या आधारावर ते विनवतात, त्यात त्या मित्राचे नावही नाही. आणि ज्या अटीवर तो कागद उभा आहे, ती त्यांच्याच धन्याने मोडली आहे. हातात एकही पत्ता नसताना खेळायला बसवलेले हे दोघे. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. राग काढायचा तर ज्याने बसवले त्याच्यावर काढावा. हे वकील तिकडे सिरसोलीला काय कळवत होते, आणि चार मैलांवरचा मन्याबापू त्यातले किती ऐकत होता, यावर त्या दिवसाचे बरेच काही अवलंबून होते. आपल्या शेजारच्या तळाचा वकील शत्रूच्या छावणीत जेवतो आहे हे ज्या सेनापतीला ठाऊक असते, तो आपल्या बगलेची भिस्त त्या शेजाऱ्यावर ठेवीत नाही. ठेवली, तर झोप लागत नाही.

दीडेक तास आधी

म्हैसूरचे स्वार पुढे गेलेले असतात. त्यांच्यावर समोरून स्वार चालून येतात, चकमकी वाढतात. त्यांच्या मदतीला आणि तळाची जागा धरायला वेलस्ली पायदळाच्या चौक्या पुढे काढतो. स्वतः पुढे जाऊन पाहतो तर पळणारी गर्दी कुठेच नाही. अडगावच्या समोरच्या मैदानात, तळाच्या जागेपासून सहा मैलांवर, पायदळ, घोडदळ आणि तोफा शिस्तीत मांडून उभ्या आहेत. रांग पाच मैलांहून लांब. पाठीमागे गाव, मळे, कुंपणे. समोर ओढ्या-नाल्यांनी चिरलेली सपाट जमीन.

मन्याबापूने पळ काढला नव्हता, तो उभा राहिला होता. लढाई हरलेल्या सेनापतींच्या पदरी इतिहास फार थोडे घालतो, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

रांगेची मांडणी अशी: मध्याच्या डावीकडे भोसल्यांचे पायदळ आणि तोफा, त्यांच्या डाव्या हाताला त्यांचे घोडदळ. उजवीकडे शिंद्यांचे घोडदळ, एकच मोठा जमाव, आणि त्याच्याही उजवीला पेंढारी. असईत तोफा आणि पलटणे गमावलेल्या शिंद्यांकडे इथे घोड्यांखेरीज काही नाही. म्हणजे अर्धी रांग इंग्रजांशी युद्धात, आणि अर्धी रांग अर्ध्या संधीत.

दिवस उतरला असूनही वेलस्ली हल्ल्याचा हुकूम देतो.

४.३०

तोफा भोसल्यांच्या आधी उडतात आणि पहिला धक्का त्यांचाच बसतो. इंग्रजांच्या आघाडीची तीन पलटणे फुटतात आणि मागे पळत सुटतात. हीच पलटणे असईत याहून कितीतरी जबर माऱ्यात उभी राहिली होती. वेलस्ली जवळच होता म्हणून ती सावरली. त्याने नंतर स्वतः लिहिले की मी तिथे नसतो तर आपण हा दिवस घालवला असता.

त्या घटकेला शिंद्यांचे घोडदळ काय करत होते? उभे होते. पुढे ओळ तुटलेली, पलटणी गोंधळलेल्या, मोकळे मैदान. बाण सुटावा तसे स्वार सोडायची वेळ ती होती. घोडदळ गेले नाही. दूरचे दिसले नसेल, हुकूम आला नसेल, नाले आडवे आले असतील. लढाईत अशी दहा कारणे असतात. पण सहा दिवसांपूर्वीचा कागद त्या दहांत धरला नाही तर हिशेब जुळत नाही.

तीन पलटणे परत जागेवर आणून रांगा लावण्यात वेळ गेला. मग सगळी ओळ पुढे निघाली. भोसल्यांच्या अरब शिपायांची एक मोठी तुकडी ७४ आणि ७८ या हायलँडर पलटणींवर तुटून पडली. वेलस्लीला ते इराणी वाटले. ते जवळजवळ सगळे तिथेच कापले गेले. पगारी परदेशी माणसे, आणि त्या मैदानावर शेवटपर्यंत गेली ती तीच.

आता शिंद्यांचे घोडदळ हलले. इंग्रजांच्या डाव्या टोकाच्या पलटणीवर एकदा चालून गेले, मार खाल्ला, मागे वळले. त्यांच्याबरोबर सगळी रांगच ढासळली. अडतीस तोफा जागेवर राहिल्या.

सूर्यास्तानंतर

नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे दिवस लवकर मावळतो. आणखी एक तास उजेड मिळता तर एकही माणूस निसटला नसता, असे वेलस्लीचे म्हणणे. पण पौर्णिमेच्या सुमाराची रात्र होती, आणि चांदण्यात घोडदळाने मैलोगणती पाठलाग केला. हत्ती, उंट, सामानसुमान हाती लागले. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. भोसल्यांकडचे किती, याचा आकडा इंग्रजांनी काही हजारांत लावला. मोजले कोणी नाहीत. ती सगळी शेते होती.

रात्री बाराला वेलस्ली घोड्यावरून उतरला.

पुढे

बाकीचे भराभर घडले. ५ डिसेंबरला फौजा अचलपुरात, जखमींचे इस्पितळ तिथेच. स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा मेळघाटाच्या डोंगरातून ओढत नेल्या. १५ डिसेंबरच्या सकाळी गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, देवगावला भोसल्यांचा तह. त्यात कटक गेले, बालेश्वर गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा सगळा मुलूख गेला. नरनाळा आणि गाविलगड मात्र त्यांच्याकडे राहिले. हा तह भोसल्यांनी एकट्याने केला, शिंद्यांना न विचारता. तेव्हा कोणी कोणाला विचारणार होते?

शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावात झाला. अंजनगाव म्हटले की आपल्याला पानमळे आठवतात. दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेचा दुआब मराठ्यांच्या हातून कागदोपत्री गेले ते या गावी. भरूच आणि अहमदनगरही त्याच कागदात.

वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड इंग्रजांनी निजामाला दिले. अकोल्यातली दोअमली संपली, एकच धनी उरला. निजामाने अडगावला घोडदळ पाठवले होते आणि त्याच्या वाट्याला मुलूख आला. भोसल्यांच्या बाजूने उभे राहून शिंद्यांना काय मिळाले, किंवा त्यांच्याशी वेगळे होऊन काय मिळाले, हे शोधायला गेलो तर एकच उत्तर सापडते: २७ फेब्रुवारी १८०४ चा बुऱ्हाणपूरचा तह, ज्यात दौलतराव संरक्षणाच्या कराराने कंपनीचा मित्र झाला.

भोसल्यांच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गेला. अडगावच्या मैदानावर तो वेलस्लीबरोबर होता.

एप्रिल १८०४ मध्ये यशवंतराव होळकर आणि इंग्रज यांच्यात युद्ध सुरू झाले. राजपुतान्यात कर्नल मॉन्सनची होळकराने दाणादाण उडवली, दिल्लीला वेढा घातला. शिंद्यांच्या हातात तेव्हा इंग्रजांशी मैत्रीचा तह होता आणि भोसल्यांच्या नागपुरात रेसिडेंट बसला होता. होळकराने आधी दोघांना एकटे सोडले होते. आता दोघांनी त्याला सोडले.